डिझिरे, चार पिशव्या आणि मिठाचं पाणी

१४ ऑक्टोबर

बेणं आलं. डिझिरेचे पाच बटाटे. चार साधारण ५५ ते ६५ ग्रॅमचे, एक चांगला ९२ ग्रॅमचा. गुलाबी-लाल गुळगुळीत साल, उथळ डोळे, कापला तर आत फिकट पिवळा गर. शिवाय गेल्या हंगामात घरीच पिकवलेल्यातले दोन मी फ्रिजच्या तळच्या खणात कागदात गुंडाळून ठेवले होते. ते सुरकुतलेत, पण दाबल्यावर अजून टणक लागतात.

हाच वाण का, हे एकदा लिहून ठेवते. उकडला तर सहसा फुटत नाही, भाजला तर आतून मऊ होतो, आणि चव अशी की नुसतं मीठ पुरतं. निदान माझ्या आठवणीत तरी तसं आहे. वाण नेदरलँड्समधला, १९६२ चा, उर्गेंटा आणि देपेश यांच्या संकरातून आलेला. नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ ‘हवीहवीशी’. गंमत म्हणजे प्रयोगशाळांनाही ही हवीशीच वाटते: बटाट्यात बाहेरचं जनुक घालून बघायचं असेल, तर संशोधक पुष्कळदा डिझिरेच घेतात, कारण ती अशा कामाला चांगली दाद देते.

आई म्हणाली, “बटाट्यात कसला आलाय वाण? बटाटा तो बटाटा.” हे वाक्य मुद्दाम नोंदवून ठेवतेय.

सातही बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे ठेवले. ज्या टोकाला जास्त डोळे दाटलेत ते वर, देठाची खूण खाली. जागा उजेडाची, पण ऊन नको. अंधारात ठेवले तर कोंब पांढरे, लांब, लुळे येतात आणि लावताना हाताला लागून तुटतात.

३० ऑक्टोबर

कोंब दीड सेंटिमीटर. आखूड, जाड, जांभळट, बुडाशी मुळांचे बारीक टोक. हवे तसे. फ्रिजमधल्या दोघांचे कोंब मात्र बारीक आहेत, जाड दोऱ्यासारखे. हे लक्षण बरं नाही, पण लावणार.

यंदाची योजना. चार पिशव्या, प्रत्येकीत दोन रोपं.

अ – ३५ लिटरची पिशवी, अख्खं बेणं, नेहमीसारखी मातीची भर.
ब – उंच पिशवी, ९० सेंटिमीटर. रोप वाढेल तशी भर घालत जायचं. ‘बटाट्याचा मनोरा’ म्हणतात तो. खोड जितकं गाडाल तितके मजले बटाटे, असा दावा.
क – ३५ लिटर, ९२ ग्रॅमचा बटाटा कापून त्याचे दोन तुकडे.
ड – ३५ लिटर, घरचं जुनं बेणं.

आज क साठीचा बटाटा उभा कापला, म्हणजे दोन्ही तुकड्यांना वरच्या टोकाचे डोळे मिळाले. आडवा कापला असता तर खालचा तुकडा आळशी निघाला असता. वरच्या टोकाचे डोळे आधी फुटतात आणि खालच्यांना दाबून ठेवतात. तुकडे सावलीत वाळत ठेवलेत. कापलेल्या भागावर खपली धरली की मगच माती, नाहीतर कुजतात.

४ नोव्हेंबर

लावणी. माती, कोकोपीट, गांडूळखत, अंदाजे दोन-एक-एक. खोली १२ सेंटिमीटर. ब मध्ये फक्त तळाला २५ सेंटिमीटर माती भरली, पिशवीचा वरचा भाग गुंडाळून खाली केला.

क मध्ये दोन मुठी राख घातली. पालाश (पोटॅशियम) मिळतं म्हणून. बाकीच्यांत घालायला राख उरली नाही. म्हणजे आता क मध्ये दोन गोष्टी बदलल्या: कापलेलं बेणंही आणि राखही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलाला विज्ञान प्रकल्पाच्या वेळी मीच बजावलं होतं. त्याने आत्ता ते मला ऐकवलं.

२२ नोव्हेंबर

अ, ब आणि क वर आले. अठरा दिवस. क मधल्या एका तुकड्यातून तीन खोडं, दुसऱ्यातून एकच. ड चं एक रोप आलंय, दुसऱ्याची नुसती माती फुगलीय.

१ डिसेंबर

पहिली भर. रोपं १८ ते २० सेंटिमीटर, वरची पानं तेवढी बाहेर ठेवून बाकी गाडली. ब मध्ये पिशवी एक घडी उलगडून १५ सेंटिमीटर माती वाढवली.

भर कशासाठी, हे मुलाने विचारलं आणि सांगता सांगता मलाच नीट उलगडलं. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. जमिनीखालच्या खोडाच्या पेरांतून आडवे पांढरे धुमारे निघतात आणि त्यांचं टोक फुगून बटाटा होतो. म्हणून तर त्याला डोळे असतात, गाजराला नसतात. धुमारा उजेडात आला तर त्याची साधी फांदी होते, बटाटा होत नाही. आणि झालेल्या बटाट्यावर उजेड पडला तर तो हिरवा होतो. भर म्हणजे त्यांच्यासाठी अंधार.

७ डिसेंबर

दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरातला थर्मामीटर अ पिशवीच्या कडेला मातीत खुपसला: ३१ अंश. मधोमध २४. काळी पिशवी आणि पश्चिमेचं ऊन, दुसरं काय होणार. माती ३० च्या आसपास तापली की बटाटा धरणं जवळपास थांबतं. पाला जोमात दिसतो आणि खाली काहीच नसतं. बटाट्याला हवी ती १५ ते २० अंशांची माती आणि गार रात्री. चारही पिशव्यांना गोणपाट गुंडाळलं, आणि पश्चिमेकडून एक जुनी फळी आडवी लावली.

९ डिसेंबर

तीच वेळ, तीच जागा: २५. गोणपाटाचा विजय असो.

१३ डिसेंबर

अ च्या कडेने दोन बोटं घालून चाचपलं. धुमाऱ्यांच्या टोकाला आकडीसारखा बाक आणि पुढे वाटाण्याएवढी गाठ. धरलं!

यापुढचे तीन-चार आठवडे पाण्यात हयगय नाही. गाठी धरतानाच माती कोरडी पडली तर सालीवर खवड्या येतात, आणि डिझिरे या बाबतीत नाजूक आहे. एरवी तहान बऱ्यापैकी सोसणारा वाण, पण खवड्यांपुढे हात टेकतो. हे वाचताना एक वाक्य पुढे आलं आणि पोटात गोळा आला: खवड्यांचा जिवाणू आम्लधर्मी मातीत दबून राहतो, अल्कधर्मी मातीत माजतो. राख अल्कधर्मी असते.

क मध्ये दोन मुठी.

आता काढता तर येत नाही. पाणी तेवढं सांभाळते.

२१ डिसेंबर

ड च्या पानांच्या कडा वर वळून नळीसारख्या झाल्यात, खालची पानं हाताला कडक, कागदासारखी लागतात. वाळलेली नाहीत, कडक. विषाणूचं लक्षण. गेल्या वर्षी मावा पडला होता आणि मी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन समाधान मानलं होतं. मावा गेला, पण त्याने टोचून जे सोडलं ते पाल्यातून बटाट्यात उतरलं, आणि तोच बटाटा मी बेणं म्हणून जपला. बी नव्हे, खोडाचाच तुकडा लावतो आपण. जुन्या झाडाचं दुखणं नव्या झाडात जसंच्या तसं येतं.

ड उपटून टाकावी का? दोन मनं झाली. बाकीच्या तिघींपासून पिशवी लांब, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. उत्पन्नाचा आकडा हवाय मला.

२ जानेवारी

फुलं. लालसर जांभळी, मध्ये पिवळी शेंडी. अ आणि ब मध्ये भरपूर, क मध्ये दोन गुच्छ, ड मध्ये एकही नाही. ब ची माती आता ७५ सेंटिमीटरवर आली, तरी खोडं वर अजून दीड वीत आहेत. पिशवी आता बटाट्याची कमी, खांबाची जास्त वाटते.

११ जानेवारी

चोरी. अ च्या बाजूने हात घालून दोन बटाटे काढले, ३४ आणि ४१ ग्रॅम. साल इतकी पातळ की अंगठ्याने घासली तर निघाली. उकळत्या खारट पाण्यात बारा मिनिटं, वर लोणी. ओलसर, गोडसर, घट्ट. कोवळ्या बटाट्यातली साखर अजून पुरती स्टार्चमध्ये बदललेली नसते, म्हणून ही गोडी. छान होता, पण माझ्या आठवणीतली डिझिरे ही नव्हे.

२८ जानेवारी

अ ला फळं धरलीत. हिरवी, लहान टोमॅटोसारखी, तीन. मुलाला निक्षून सांगितलं की ही विषारी. एक पिकू देते. आत बारीक बिया असतात आणि त्यांतून डिझिरे कधीच उगवणार नाही. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, पत्ते इतके पिसले जातात की प्रत्येक बी वेगळा वाण. १८७० च्या दशकात अमेरिकेत ल्यूथर बरबँक या तरुणाला बागेत असंच एक फळ सापडलं, त्यातल्या २३ बिया त्याने लावल्या आणि त्यांतल्या एका रोपाने त्याचं नाव केलं. आज सगळीकडे तळला जाणारा रसेट बरबँक त्याच्याच घराण्यातला. मला तेवढा धीर नाही, आणि पिशव्याही नाहीत.

अ आणि ब च्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, आत वर्तुळात वर्तुळ, लक्ष्यासारखे. हा लवकर येणारा करपा. उशिराचा करपा असता तर डाग ओलसर, काळपट दिसले असते आणि पानाखाली पहाटे पांढरी बुरशी. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये उपासमार ओढवली ती त्या करप्याने. हा त्या मानाने सौम्य. डागाळलेली पानं काढली, पाणी पानांवर न घालता बुडाशी आणि सकाळीच घालायला सुरुवात केली.

१२ फेब्रुवारी

शंभर दिवस. पाला पिवळा पडून लोळला. चारही पिशव्यांतला पाला जमिनीलगत कापला, पाणी बंद. बटाटे मात्र आतच. पाला कापल्यावर साल पक्की व्हायला पंधरवडाभर लागतो. घाई केली तर काढतानाच साल सोलवटते आणि टिकत नाही.

२५ फेब्रुवारी

काढणी. गच्चीवर जुनी चादर अंथरून एकेक पिशवी आडवी केली.

अ – १,८४० ग्रॅम, १७ बटाटे. सर्वात मोठा २३८.
ब – १,९१० ग्रॅम, २१ बटाटे.
क – १,४६० ग्रॅम, १५ बटाटे. जवळजवळ सगळ्यांवर खवड्या.
ड – ६९० ग्रॅम, १४ बटाटे. एकही ९० च्या वर नाही.

एकूण ५,९००.

ब बद्दल सविस्तर, कारण हा मनोरा बघायला शेजारच्या दोघीही गच्चीवर आल्या होत्या. वरून थर थर माती काढत गेलो. पहिले २० सेंटिमीटर: काही नाही. पुढचे २०: पांढरी मुळं, काही नाही. त्यापुढचे १०: एक बटाटा, गोटीएवढा. मुलगा म्हणाला, “आई, तळमजल्यावरच राहतात वाटतं सगळे.” खरंच. बाकी वीसच्या वीस तळाच्या २५ सेंटिमीटरमध्ये, लावणीच्या दिवशी जी माती होती तिच्यात. धुमारे सुरुवातीलाच, खालच्या पेरांतून निघतात आणि तिथेच पोसतात. वर कितीही गाडा, खोड नुसतं खोड राहतं. अ पेक्षा ७० ग्रॅम जास्त, त्यासाठी जवळपास तिप्पट माती आणि उचलताना धरलेली माझी कंबर. मनोरा बाद.

क च्या खवड्या दिसायला भयंकर, खरखरीत तपकिरी चट्टे. पण वरवरच्या आहेत, सोलाण्याने निघतात, आत गर स्वच्छ. राखेला दोष द्यावा की कापलेल्या बेण्याला, हे माझ्याच चुकीमुळे ठामपणे म्हणता येत नाही. खवड्यांपुरतं मी राखेलाच धरते.

लाल सालीचा एक तोटा आजच कळला. ब मधले दोन बटाटे पिशवीच्या फाटक्या भोकाजवळ होते. साल नुसती जरा मळकट दिसत होती. नखाने खरवडली तर खाली हिरवं. पांढऱ्या सालीवर हे लांबूनच दिसलं असतं. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पण तो असेल तिथे सोलानिन हे विष वाढलेलं असण्याची शक्यता असते, आणि ते उकडून जात नाही. दोन्ही फेकले.

बाकीचे न धुता, माती झटकून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर जाड कापड. जिन्याखालच्या अंधाऱ्या गार जागेत दोन आठवडे. खरचटलेलं तेवढ्यात भरून येतं.

१२ मार्च

आज तो प्रयोग, ज्यासाठी एवढ्या नोंदी ठेवल्या.

बादलीत ५ लिटर पाणी, त्यात ६०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं. या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या साधारण १.०८ पट. बटाट्यात स्टार्च जितका जास्त तितका तो जड; १.०८ च्या आसपासच्या बटाट्यात कोरडा भाग २० टक्क्यांजवळ असतो. जो बुडेल तो पिठूळ, जो तरंगेल तो ओलसर, घट्ट. मोठे कारखाने बटाटा पारखतात तो याच तत्त्वावर, फक्त त्यांच्याकडे बादली नसते.

वीस बटाटे सोडले. अ चे सहा: पाच बुडाले, एक तरंगला. ब चे सहा: चार बुडाले, दोन तरंगले. क चे चारही बुडाले. ड चे चारही तरंगले.

तेरा खाली, सात वर. एकच वाण, एकच गच्ची, एकच तारीख. अ मधला जो तरंगला तो आणि त्याच्या शेजारी बुडालेला, दोघंही एकाच झाडाचे असण्याची दाट शक्यता. उशिरा धरलेला बटाटा पाला कापायच्या वेळी अजून कोवळाच असतो, इतकं साधं.

बुडालेल्यांवर पेन्सिलीने ‘ज’, तरंगलेल्यांवर ‘ह’. जड आणि हलका. साध्या पाण्याने धुऊन, पुसून, वेगळ्या टोपल्यांत.

१४ मार्च

उकडण्याची चाचणी. दोन ज, दोन ह, चारही ८० ग्रॅमच्या आसपास, सालीसकट. गार पाण्यात सोडून मग गॅस. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर शिजून पडतो तेव्हा मधला भाग कच्चा असतो. कुकर मुद्दाम टाळला, त्यात काय कधी फुटलं ते दिसत नाही. उकळी आल्यावर मंद आचेवर २२ मिनिटं.

ज: साल दोन ठिकाणी तडकली, सुरी न लागताच दुभंगला, आत कोरडा आणि चमकदार कणीदार.
ह: अखंड. सुरीने काप नीट पडले, कडा धारदार, तोंडात ओलसर.

आईला डोळे मिटायला लावून दोन्ही दिले, नुसतं मीठ लावून. तिने दोनदा चाखलं.
“अगं, हे दोन वेगळे बटाटे आहेत.”
“आई, एकाच पिशवीतले आहेत.”
“मग पिशवीत तू दोन जातींचे लावले असशील.”

ऑक्टोबरची नोंद काढून दाखवली. ती म्हणाली, ते वाक्य तिचं नाहीच.

माझ्या आठवणीतला ‘फुटत नाही’ वाला बटाटा ह होता आणि ‘भाजला तर आतून मऊ’ वाला ज. दोन जेवणांच्या दोन बटाट्यांना मी एकच नाव देऊन बसले होते.

१५ मार्च

ज चा लगदा करून लोणी-दूध घालायचं ठरवलं होतं. घाईत मिक्सरमध्ये फिरवला. वॉलपेपर चिकटवता येईल असं काहीतरी तयार झालं. मिक्सरचं पातं पेशी फोडतं, आतला फुगलेला स्टार्च मोकळा होऊन चिकी बनते. हातानेच, गरम असताना, चाळणीतून दाबायचा. चार बटाटे वाया.

१९ मार्च

हा दिवस मोठा, कारण थर्मामीटर सापडला. (मातीत खुपसल्यावर बागेच्या डब्यातच राहिला होता.)

प्रश्न असा: पिठूळ ज ला कापांमध्ये अखंड ठेवता येतं का? दीड सेंटिमीटरचे काप, तीन वाटे.

पहिला वाटा थेट उकळीच्या पाण्यात, ९ मिनिटं. कडा विरघळल्या, पाणी दुधाळ.

दुसरा वाटा, पाण्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर. तेवढ्याच वेळात कडा शाबूत, पण मध्यभाग जरा ताठ, आणि आंबटपणाची पुसट छाया. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज सुटत नाही, म्हणून. आणखी ४ मिनिटांनी शिजला, तरी फुटला नाही.

तिसरा वाटा आधी ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास. गॅस चालू-बंद, चालू-बंद, थर्मामीटरवर डोळा. या अर्ध्या तासात दुसरं काहीही करता येत नाही. मग काप काढून गार पाण्यात, आणि नंतर उकळत्या पाण्यात ९ मिनिटं. हा चकितच करतो. पूर्ण शिजलेला, तरी काप जसाच्या तसा. या तापमानाला बटाट्यातलंच एक एन्झाइम जागं होतं, ते पेक्टिनची ठेवण बदलतं, मग पाण्यातलं आणि बटाट्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधतं. एकदा बांधलं की नंतरची उकळीही ते सोडवू शकत नाही.

रोज कोणी हे करणार नाही. मीही नाही. ह वापरावा, झालं. पण टोपलीत फक्त ज उरले असतील आणि पाहुणे दारात असतील तर हा अर्धा तास माहीत असलेला बरा.

एक बारीक नोंद: गार झाल्यावर दोन-तीन कापांना देठाच्या टोकाला करडी झाक आली. खराब नव्हे. शिजल्यावर बटाट्यातलं लोह आणि एक आम्ल हवेशी मिळून रंग धरतात. व्हिनेगरच्या वाट्यात हे अजिबात झालं नाही.

२६ मार्च

भाजणं. ज च सोलून मोठे तुकडे, पाण्यात लिटरला पाव चमचा खायचा सोडा, ८ मिनिटं उकळून निथळले. सोडा व्हिनेगरच्या बरोब्बर उलट वागतो: पेक्टिन सैल करतो, कडा पिठासारख्या खरबरीत होतात. भांड्यावर झाकण ठेवून दोनदा जोरात हलवलं म्हणजे तुकड्यांना लगद्याचं अस्तर बसतं. ओव्हन २२० अंश, ट्रेमध्ये तेल आधीच तापलेलं, ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटले.

बाहेर कडकडीत, आत लोण्यासारखे. याच्यापुढे काही लिहिण्यासारखं उरलं नव्हतं, ट्रेही नव्हता उरला.

५ एप्रिल

काढणीनंतर दोन आठवड्यांनी चार ज मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवले होते, ४ अंशांवर. आज त्यांतले दोन आणि जिन्याखालचे दोन, ३ मिलिमीटरच्या चकत्या, पाण्यात धुऊन, कोरड्या करून, १७० अंशांच्या तेलात.

जिन्याखालचे: सोनेरी.
फ्रिजमधले: दोन मिनिटांत तांबूस, तिसऱ्याला काळपट, चवीला आधी गोड आणि मग कडू.

थंडीत बटाटा आपला स्टार्च मोडून साखर करतो. तळताना ती साखर करपते, आणि गरात असलेल्या ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाशी मिळून ॲक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायन वाढवते. २००२ साली स्वीडनमध्ये हे पहिल्यांदा उजेडात आलं. तळायचा बटाटा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, बस.

फ्रिजमधले उरलेले दोन बाहेर जिन्याखाली आणून ठेवले. उबेत ती साखर पुन्हा काही प्रमाणात स्टार्चकडे वळते म्हणतात. बघू.

२६ एप्रिल

तीन आठवडे बाहेर राहिलेले ते दोन तळले. काळे झाले नाहीत. सोनेरीही नाहीत, विटकरी. ताज्या ज ची बरोबरी नाही, पण खाण्याजोगे.

ड चे बटाटे संपले. सगळे ह च निघाले, सगळे उकडून कापांत गेले. दुखणेकरी झाडाचे बटाटे कापांसाठी सर्वात देखणे ठरले, यावर काय म्हणायचं मला कळत नाही. वाट्याला आले किती ते मात्र ६९० ग्रॅम.

३ मे

खोक्यात सात उरलेत, सगळ्यांच्या डोळ्यांत पांढरे ठिपके. आणखी पंधरा दिवसांत कोंब येतील आणि गर ढिला पडेल.

अ मधले दोन, डाग नसलेले, ६० ग्रॅमच्या आतबाहेर, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या तळच्या खणात ठेवले. ही बेण्याची पिशवी, तिथे साखर झाली तरी चालेल. यंदा मावा अ वर दिसला नव्हता. पान न वळवता वाढले तर बेण्याला एक वर्ष जास्त मिळालं, वळवलं तर पुढच्या वेळी सगळं बेणं नवं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘खाऊ नये’ लिहिलं. खाली मुलाने पेन्सिलीने लिहिलंय, ‘आणि राख घालू नये’.

बाकीचे पाच बादलीत सोडून पाहिले. तीन खाली, दोन वर. आत्ता पाचही धुऊन ओट्यावर आहेत, आणि आई विचारतेय की त्यातले तिच्यासाठी ‘ती दुसरी जात’ कोणती.